तारण काय ठेवणार?

धाकट्या भावाचा फोन आला तो रविवारी सकाळी, चहाच्या वेळी. "दादा, तू त्याला समजाव. तुझं तो ऐकतो," एवढेच म्हणाला. 'तो' म्हणजे माझा पुतण्या. वय सत्तावीस, संगणक कंपनीत बऱ्या पगाराची नोकरी. ती सोडून त्याला चित्रपट दिग्दर्शनाचे शिक्षण घ्यायचे आहे. भावाचा युक्तिवाद बिनतोड होता. "तू बँकेत चौतीस वर्षं काढलीस आणि कादंबऱ्याही लिहिल्यास. नोकरी सांभाळूनही हे सगळं करता येतं, हे त्याला तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

पुतण्या संध्याकाळी आला. मी मनात मुद्दे जुळवून बसलो होतो. पण त्याने वाद घातलाच नाही. "काका, बोलू आपण सावकाश. आधी एक सिनेमा बघूया का?" म्हणाला आणि टीव्ही लावला. चित्रपट नायजेरियाचा होता. नाव 'अनिकुलापो'.

खरे सांगायचे तर नायजेरिया म्हटले की माझ्या पिढीच्या बँकवाल्याच्या कपाळाला आठी पडते. नव्वदच्या दशकात त्या देशातून येणारी पत्रे आमच्या टेबलावर असत. कुणा बड्या अधिकाऱ्याचे कोट्यवधी डॉलर अडकलेले आहेत, ते तुमच्या खात्यातून बाहेर काढू द्या, त्यातला भरघोस हिस्सा तुमचा. फक्त आधी थोडी फी पाठवा! नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला 'चार-एकोणीस' असे नावच पडले होते. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक असे पत्र घेऊन आले होते. त्यांना परावृत्त करता करता माझी एक दुपार गेली. एवढ्या एका ओळखीवर मी वीस कोटींहून अधिक वस्तीचा एक देश तीस वर्षे मनात मिटवून ठेवला होता. आणि त्याच देशाच्या उत्तर भागात, कानोसारख्या शहरांत, हौसा बोलणारी माणसे पिढ्यान् पिढ्या आपल्या मुंबईत तयार झालेला 'मदर इंडिया' पुन्हा पुन्हा पाहत होती, त्यातल्या आईसाठी डोळे पुसत होती. त्यांनी आपल्याला आपल्या गोष्टींवरून ओळखले. आपण त्यांना ओळखले ते ठकांच्या पत्रांवरून.

'अनिकुलापो' या योरुबा शब्दाचा अर्थ, ज्याने मरणाला आपल्या थैलीत घातले आहे असा माणूस. काही शतकांपूर्वीच्या ओयो राज्यात सारो नावाचा एक विणकर पोटासाठी येतो, राजाच्या राणीच्या प्रेमात पडतो आणि त्यापायी जिवाला मुकतो. एक गूढ पक्षी त्याला जिवंत करतो आणि मेलेल्याला उठवण्याची शक्ती त्याच्या हाती लागते. मग हाव सुटते आणि जे मिळाले ते हातचे जाते. आपल्या आजीनेही सांगितली असती अशीच ही गोष्ट. २०२२ साली ती नेटफ्लिक्सवर आली. त्यासाठी दिग्दर्शकाने ओयो प्रांतात एक अख्खे जुने गाव उभारले. चित्रपट संपल्यावर पुतण्या सहज म्हणाला, "काका, हा दिग्दर्शक आधी बँकेत होता."

मी सावरून बसलो. पोराने मर्मावरच बोट ठेवले होते.

त्या दिग्दर्शकाचे नाव कुनले अफोलायन. गेले काही महिने मी त्याचे चित्रपट पाहतो आहे आणि त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. जे हाती लागले ते पुतण्यापेक्षा त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला आणि त्याच्यासारख्या असंख्य आईबापांना सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

पण कुनलेची गोष्ट त्याच्या वडिलांपासून सुरू करावी लागते. अडेयेमी अफोलायन हे त्यांचे नाव. लोक त्यांना 'अडे लव्ह' म्हणत. जन्म १९४० चा. योरुबा मुलुखात गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांची मोठी परंपरा होती. ह्यूबर्ट ओगुंडे यांनी चाळीसच्या दशकात तिला व्यावसायिक रूप दिले. गाणे, नाच, विनोद, राजकारणावर टोमणे, आणि सगळा संसार एका गाडीत. आपल्या तमाशाच्या फडांची आठवण यावी असे ते जग. अडे लव्ह १९६६ साली मोझेस ओलाइया यांच्या मंडळीत दाखल झाले. हे ओलाइया म्हणजे 'बाबा साला', त्या देशाचे लाडके विनोदवीर. पाच वर्षांनी अडे लव्ह यांनी स्वतःची मंडळी काढली आणि पुढे ते चित्रपटाकडे वळले. ओला बालोगुन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'अजानी ओगुन' (१९७६) आणि 'इजा ओमिनिरा' या चित्रपटांनी त्यांना घराघरांत नेले. १९८० साली त्यांनी स्वतःच्या हिमतीवर 'कादारा' काढला. कादारा म्हणजे प्राक्तन, नशीब. पाठोपाठ 'टॅक्सी ड्रायव्हर', 'इया नी वुरा' असे चित्रपट आले.

हे चित्रपट कसे निघत, ते बँकवाल्याने ऐकण्यासारखे आहे. फिल्म परदेशातून विकत आणायची, चित्रित झाली की धुवायला पुन्हा परदेशी पाठवायची, बहुधा लंडनला. म्हणजे खर्च परकीय चलनात आणि वसुली मात्र गावच्या सभागृहात, शाळेच्या पटांगणात, तिकीट खिडकीवरच्या चिल्लर नोटांत. चित्रपटाची प्रत निर्मात्याने स्वतः गावोगाव न्यायची आणि पडद्यासमोर बसलेली डोकीही स्वतःच मोजायची. प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की चोरी झालीच म्हणून समजा. बाबा साला यांच्या 'ओरुन मूरू' (१९८२) या चित्रपटाच्या चोरट्या व्हिडिओ प्रती बाजारात आल्या आणि कर्ज काढून चित्रपट उभा केलेला हा देशाचा लाडका नट देशोधडीला लागायची वेळ आली.

त्यातच तेलाचे भाव कोसळले. १९८६ साली नायजेरियाने आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम स्वीकारला आणि नायराची घसरण सुरू झाली. १९८० मध्ये एका नायराला एका डॉलरहून जास्त मिळत. नव्वदच्या दशकात एका डॉलरला वीसहून अधिक नायरा मोजावे लागू लागले. फिल्मचे रीळ आणणे अशक्य झाले. चित्रपटगृहे बंद पडली, कित्येकांत गोदामे नाहीतर प्रार्थनागृहे आली. चलनाचे अवमूल्यन आम्ही वर्तमानपत्रात टक्क्यांत वाचतो. त्याने एखाद्या माणसाची कलाच थांबते, हे टक्क्यांत दिसत नाही. १९९६ साली अडे लव्ह गेले. चित्रपटांचा तो सोनेरी काळ त्यांच्या आधीच संपला होता.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. टाळता येईल, पण टाळू नये.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एके दिवशी एका तमाशा फडाचे मालक आले. धोतर, पांढरा सदरा, हातात मळकी वही. जुना ट्रक मोडीत निघाला होता, दुसरा घ्यायला कर्ज हवे होते. वहीत कोणत्या जत्रेची किती सुपारी हे नीट मांडलेले होते. मी पाने चाळली आणि विचारले, "तारण काय ठेवणार?" ते क्षणभर घोटाळले. मग म्हणाले, "सायेब, माज्याकडं मानसं हायती. चाळीस मानसं." मी हसलो. आज ते हसू मला आठवते आणि बरे वाटत नाही. नियमाप्रमाणे अर्ज नामंजूर केला. जाताना त्यांनी मला खेळाचे आमंत्रण दिले. मी गेलो नाही. पुढच्या वर्षी जत्रेला तो फड आला नाही. माझ्या सहीमुळेच आला नाही असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. पण ती वही मी नीट वाचली असती तर बरे झाले असते, एवढे मात्र खरे. त्या वहीत उत्पन्नही होते आणि हिशेबही होता. तारण होते, ते ओळखण्याची रीत मला शिकवलेली नव्हती आणि मीही ती शिकून घेतली नाही.

अडे लव्ह यांचा मुलगा कुनले अर्थशास्त्राचा पदवीधर झाला आणि बँकेत लागला. बापाची धावपळ ज्याने लहानपणापासून पाहिली, त्याने महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी धरावी यात नवल काही नाही. पण आतला किडा स्वस्थ बसेना. १९९९ साली, वडील गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी, टुंडे केलानी यांनी त्याला 'सावोरोइदे' या चित्रपटात भूमिका दिली. केलानी एके काळी त्याच्या वडिलांच्या चित्रपटांचे छायालेखक होते. बापाच्या कॅमेऱ्यामागच्या माणसाने मुलाला कॅमेऱ्यापुढे उभे केले, असा हा योग. लोकांशी घेतलेली शपथ मोडणारा राजा आणि त्याला जागेवर आणणारा एक ढोल, ही त्या चित्रपटाची कथा. आणि त्याच वर्षी मे महिन्यात नायजेरियात लष्करी राजवट संपून लोकनियुक्त सरकार आले.

मुलगा तडकाफडकी बाहेर पडला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. नोकरी सांभाळून तो अधूनमधून कामे करीत राहिला. बँक सोडली ती काय करायचे हे उमगल्यावर. २००५ साली न्यूयॉर्कला जाऊन चित्रपट निर्मितीचे रीतसर शिक्षण घेतले, परत येऊन 'इरापाडा' केला आणि २००९ साली 'द फिगरिन'.

तोवर नायजेरियात चित्रपटांचा पूर आलेला होता. १९९२ च्या 'लिव्हिंग इन बाँडेज' या व्हिडिओपटापासून थेट कॅसेटवर चित्रपट काढण्याची लाट उसळली. थोडे पैसे, थोडे दिवस, बाजारात कॅसेटचा ढीग. युनेस्कोच्या पाहणीनुसार २००६ साली भारतात १,०९१ चित्रपट निघाले आणि नायजेरियात ८७२. अमेरिका तिसरी, ४८५. या लाटेला नावे ठेवणे सोपे आहे. पण सरकार नाही, बँक नाही, चित्रपटगृह नाही, अशा अवस्थेत लोकांनी आपली गोष्ट आपल्या भाषेत सांगण्याचा धंदा स्वतःच उभा केला, हेही विसरू नये. कुनलेने त्या गर्दीत वेगळी वाट धरली. चित्रपट कमी काढायचे, पण वेळ घेऊन. आणि ते आधी मोठ्या पडद्यावर दाखवायचे. लागोसमध्ये तेव्हा नवी चित्रपटगृहे उघडू लागली होती.

'द फिगरिन'मध्ये पदवीनंतरच्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेच्या शिबिरात दोन मित्रांना रानातल्या ओसाड देवळात अरारोमिरे देवीची मूर्ती सापडते. आख्यायिका अशी की, मूर्ती हाती घेईल त्याची सात वर्षे भरभराट आणि पुढची सात वर्षे वाताहत. होतेही तसेच. पण शेवटाकडे शंका येते: हे देवीने केले की मत्सराने पेटलेल्या माणसाने? चित्रपट उत्तर देत नाही. तुमचा विश्वास कशावर, असे प्रेक्षकालाच विचारून संपतो. दोघांपैकी एका मित्राचे काम स्वतः कुनलेने केले आहे. २०१० मध्ये या चित्रपटाला आफ्रिकेतले पाच मानाचे चित्रपट पुरस्कार मिळाले. मला पुरस्कारांहून दुसरीच गोष्ट भावली. बापाने 'प्राक्तन' नावाचा चित्रपट काढला. एकोणतीस वर्षांनी मुलाने विचारले, प्राक्तन असते तरी का? घरातला वाद असा पडद्यावर चालू राहावा, यासारखा वारसा नाही.

पैशाचे त्याने काय केले? इथे त्याच्यातला बँकवाला दिसतो. बापाने तिकीट खिडकीवर भिस्त ठेवली. मुलाने चित्रपट निघण्याआधीच कंपन्यांना गाठले. 'द फिगरिन'ला अनेक कंपन्यांचा हातभार होता. 'फोन स्वॅप' (२०१२) ही मोबाइलच्या अदलाबदलीची सुरेख विनोदी गोष्ट, आणि तिच्यामागे मोबाइलवाल्या कंपन्या. 'द सीईओ' (२०१६) चा पहिला खेळ लागोसहून पॅरिसला जाणाऱ्या विमानात झाला! कुणी म्हणेल, ही कसली कला, ही तर जाहिरात. पडद्यावर पाट्या जरा जास्तच दिसतात, हा आक्षेप मलाही मान्य आहे. पण सावकाराच्या दारात उभे राहण्यापेक्षा आणि नटांचे पैसे बुडवण्यापेक्षा एक पाटी दाखवणे मला कमी लाजिरवाणे वाटते. आणि त्या पाट्यांच्या आडून त्याने काय सांगितले ते पाहा. 'ऑक्टोबर १' (२०१४) मध्ये १९६० साल आहे. देश चार दिवसांवर स्वातंत्र्याला टेकला आहे आणि एका गावात तरुण मुलींचे खून होत आहेत. तपासाला आलेला अधिकारी गुन्हेगाराचा माग काढता काढता अशा एका जखमेपाशी पोहोचतो, जी परक्या सत्तेच्या छत्राखाली एका लहान मुलाला झालेली आहे. झेंडा बदलला म्हणून ती भरत नाही. 'सायटेशन' (२०२०) मध्ये विद्यार्थिनी आणि तिचा गैरफायदा घेऊ पाहणारा प्राध्यापक आहे. 'स्वॅलो' (२०२१) तर आमच्याच बिरादरीची गोष्ट. ऐंशीच्या दशकातल्या लागोसमध्ये बँकेत नोकरी करणारी एक मुलगी, न पुरणारा पगार, आणि अमली पदार्थ पोटात लपवून नेण्याचे आमिष. ज्या कादंबरीवरून तो घेतला, तिची लेखिका सेफी अट्टा मूळची हिशेबतपासनीस!

आईबापांनी आवर्जून पाहावा असा त्याचा चित्रपट मात्र 'मोकालिक' (२०१९). मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही. बाप त्याला रागे भरत नाही. एक दिवस मेकॅनिकच्या गॅरेजवर नेऊन सोडतो. दिवसभर काम कर, मग ठरव. मुलगा काळ्या हातांनी स्पॅनर धरतो, उस्तादाच्या शिव्या खातो, तिथल्या माणसांचे शहाणपण आणि लबाडी दोन्ही पाहतो. उपदेशाचा एक शब्द नाही. आपल्याकडे आपण मुलांना निर्णय ऐकवतो. पारखायला एक दिवस देत नाही.

आता माझे म्हणणे. आपल्या मध्यमवर्गीय घरात 'आधी नोकरी, मग छंद' हे वाक्य देवघरातल्या तसबिरीसारखे टांगलेले असते. ते अगदीच खोटे नाही. कुनलेच्या बँकेतल्या दिवसांनी त्याला पैशाची भाषा दिली. बाबा सालांना जी कुणी शिकवली नव्हती. पण त्या वाक्यात एक लबाडी दडलेली आहे. 'मग' कधी येणार, हे ते सांगत नाही. मी नोकरी सांभाळून लिहिले, याचे माझ्या भावाला कौतुक आहे. ज्या कादंबऱ्या लिहायच्या राहिल्या, त्या त्याच्या खिजगणतीत नाहीत. माझ्याही फारशा नव्हत्या. निवृत्तीनंतर जुनी टाचणे काढली तेव्हा कळले की त्यांतली माणसे आता माझ्याशी बोलत नाहीत. नोकरीने मला घर दिले, मुलीचे शिक्षण दिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ती फुकट मिळाली असे मात्र कुणी समजू नये.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा हिशेब एकतर्फी होईल. कुनलेपाशी बापाचे नाव होते, बापाची माणसे होती. प्रत्येकाला केलानी भेटत नाहीत. शिवाय सावकार बदलतो, सावकारी जात नाही. नेटफ्लिक्ससारख्या परदेशी कंपनीने पैसा दिला म्हणून ओयोचे गाव उभे राहिले. पण २०२४ च्या जानेवारीत ॲमेझॉनने आफ्रिकेतल्या नव्या निर्मितीतून हात काढून घेतला, तेव्हा तिथल्या कलावंतांना आपण कुणाच्या जिवावर उभे आहोत ते कळले. आणि सरकारे? २०१० साली नायजेरियाच्या अध्यक्षांनी वीस कोटी डॉलरचा कर्जनिधी जाहीर केला. तक्रार मात्र तीच जुनी, तारणाची. आपल्याकडे १९९८ साली चित्रपटाला उद्योगाचा दर्जा जाहीर झाला आणि मग बँकांची दारे किलकिली झाली. ती बड्या निर्मात्यांसाठी. माझ्यापुढे बसलेल्या त्या फडमालकाला आजही कुणी हाच प्रश्न विचारील.

तारण विचारणे चूक नाही. ठेवीदाराचा पैसा उधळायचा नसतो. चूक आहे ती एवढीच, की जमीन, घर आणि सोने सोडून आम्हाला दुसरे काही दिसत नाही. करार, कामाची वही, वेळेवर पैसे फेडल्याचा इतिहास, चाळीस माणसे एकत्र बांधून ठेवणारा एक माणूस, हेही तारणच आहे. बँकेने ते वाचायला शिकावे. आणि घरानेही.

मागच्या आठवड्यात पुतण्याला बोलावले. म्हटले, "नोकरी सोडायचं नंतर बघू. आधी वही आण. किती साठवलेस, शिक्षणाचा खर्च किती, दोन वर्षं पगाराशिवाय कसा राहणार, लिही सगळं." तो म्हणाला, "काका, ते आधीच लिहिलंय," आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ वाचला. दोन ठिकाणी खर्च कमी धरला होता, तो वाढवायला लावला. बाकी हिशेब चोख होता.

मग भावाला फोन केला. "समजावलंस का त्याला?" त्याने विचारले. मी म्हटले, "कागद वाचला. तूही वाच. उद्या सकाळी तो घेऊन येईल. सही करायच्या आधी एकदा नीट वाच, एवढंच."